बाथरूमच्या भिंतीला ग्राउट कोणतं? कोटेशन देण्याआधी हे बघा

जुन्या टाइल्सचे जॉइंट खरवडून नवं ग्राउट भरून देणं, हा व्यवसाय कमी भांडवलात सुरू होतो. पण समजा, तुम्ही डोंबिवलीत राहता आणि काम घेतलंत घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये. दोन महिन्यांत जॉइंटमधून भुगा निघाला, तर पुन्हा लोकलने ठाणे, तिथून बस, अख्खा दिवस आणि मटेरियल, सगळं तुमच्या खिशातून. अशी एक फेरी झाली की त्या कामातला नफा संपलाच म्हणून समजा.

ग्राउट मुख्यतः दोन प्रकारचं. सिमेंटचं पावडरमध्ये येतं, पाण्यात कालवायचं. भिंतीच्या टाइल्समधला जॉइंट बहुतेक वेळा 2-3 मिमीचा असतो, त्यासाठी वाळू नसलेलं बारीक ग्राउट घ्या. वाळूचं ग्राउट रुंद जॉइंटसाठी. काही मिस्त्री अजून नुसतं व्हाइट सिमेंट भरतात. ते आकसतं, चिरा जातात, मग साबणाचं पाणी मुरून काळं पडतं. इपॉक्सी ग्राउटमध्ये रेझिन, हार्डनर आणि फिलर असे तीन भाग असतात. ते पाणी जवळजवळ शोषत नाही, डाग धरत नाही. भाव मात्र किलोमागे कितीतरी पट.

मग निवडायचं कसं? गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: "ताई, बाथरूम कशाने धुता?" उत्तर 'ऍसिडने' आलं, तर सिमेंट ग्राउट देऊ नका. ऍसिड सिमेंटला खातं, तुमचं काम कितीही चांगलं असो. तिथे इपॉक्सीच. भाड्याने द्यायचा फ्लॅट, शॉवरपासून लांबची भिंत, बजेट कमी, अशा ठिकाणी पॉलिमर असलेलं सिमेंट ग्राउट चालतं. एकाच बाथरूममध्ये खाली ओल्या भागात इपॉक्सी आणि वर सिमेंट हा मार्गही सुचतो, पण रंगाची शेड जुळत नाही आणि तक्रार येते. मी तरी टाळतो.

आता मटेरियल किती लागेल? 5 बाय 7 फुटांचं बाथरूम, 7 फुटांपर्यंत टाइल्स, दार वजा करून साधारण 150 चौरस फूट, म्हणजे 14 चौरस मीटर. 12 बाय 18 इंचांची टाइल, 3 मिमी जॉइंट, 8 मिमी खोली धरली तर सुमारे 3 किलो. वाया जाणारं धरून साडेतीन. दुकानातला आजचा भाव लावून बघा. लक्षात येईल की दोन्हींमधला फरक मोठा वाटतो तेवढा नाही, कारण खरा खर्च खरवडण्याच्या आणि पुसण्याच्या मजुरीचा आहे.

आणि पुसणं हीच इपॉक्सीची परीक्षा. कालवल्यावर हातात वेळ साधारण 30 ते 45 मिनिटं, पाकिटावर दिलेला असतो. मे महिन्यात कल्याणच्या उकाड्यात त्याहून कमी. टाइलवर सुकलेला थर नंतर निघता निघत नाही. म्हणून हात बसेपर्यंत थोडं थोडंच कालवा. पण अंदाजाने नाही, तिन्ही भाग वजन करून. पहिलं काम स्वतःच्या घरी करा, घरचे ओरडले तरी चालेल!

आपल्याकडच्या वन बीएचकेमध्ये बाथरूम एकच असतं, ही अडचण कोटेशनच्या वेळीच बोला. जॉइंट कोरडे नसतील तर ग्राउट धरत नाही, म्हणून आदल्या दिवशी सकाळच्या अंघोळीनंतर बाथरूम बंद. काम झाल्यावर निदान 24 तास पाणी नाही. म्हणजे जवळजवळ दोन दिवस शेजाऱ्यांकडे अंघोळ. पावसाळ्यात एक दिवस जास्तच धरा.

दोन भिंती मिळतात तो कोपरा, आणि भिंत-फरशीचा जोड, तिथे ग्राउट नाही, सिलिकॉन सीलंट भरा. तिथे हालचाल होते, कडक ग्राउटला चीर जाते.

शेवटचं म्हणजे गळती. "खालच्या मजल्यावाल्यांची तक्रार आहे, ग्राउट भरून थांबेल ना?" असं हमखास विचारतील. हो म्हणू नका. वॉटरप्रूफिंग टाइल्सच्या खाली असतं, आणि गळती पाइपमधूनही असू शकते. कोटेशनवर स्पष्ट लिहा: 'हे काम जॉइंटचं आहे, गळतीची हमी नाही.' खाली गिऱ्हाइकाची सही घ्या आणि मगच ऍडव्हान्स.