परसांतील झाडांवरचीं कीटकांचीं घरटीं

परसांतील आंबा, फणस किंवा चिंच अशा झाडावर कीटकांचें घरटें दृष्टीस पडलें म्हणजे बांबूस पलिता बांधून तें जाळून टाकण्याचा पुष्कळ ठिकाणीं प्रघात आहे. ह्या घाईनें दुहेरी नुकसान होतें. फुलांचे पराग पोंचविणारे व अळ्या मारणारे कीटक नाहींसे होतात, आणि प्रसंगीं पलिता धरणाराच्याच जिवावर बेततें. म्हणून घरटें कोणाचें हें आधीं ठरवावें व मग उपायाकडे वळावें, असें आमचें वाचकांस सांगणें आहे. घरटें पानांचें, मेणाचें, कागदासारखें कीं मातीचें, एवढें दुरून पाहिलें तरी बहुतेक उलगडा होतो.

पानांचीं घरटीं : आंब्यावर हीं दोन प्रकारचीं आढळतात व त्यांचीच गल्लत फार होते. हिरवीं पानें कडेस कडा लावून पांढऱ्या रेशमानें जोडलेलीं असलीं व फांदीवर तांबड्या मुंग्यांची ये-जा असली, तर तें ओंबिलांचें घर समजावें. कांहीं मुंग्या पानें ओढून धरतात, व दुसऱ्या आपल्या अळ्या तोंडांत धरून त्यांच्या रेशमानें पानें शिवतात. ह्या मुंग्या कडकडून चावतात खऱ्या. पण झाडावरील अनेक उपद्रवी कीटक मारून खातात. चीन देशांत संत्र्यांच्या जातीच्या झाडांवर त्या मुद्दाम पाळण्याची चाल शेंकडों वर्षांची आहे. त्यांचा दोष हा कीं, गोड चिकट्याच्या लोभानें त्या पिठ्या ढेकणांस राखतात. तेव्हां पिठ्या ढेकूण वाढले असतील किंवा फळांची तोडणी जवळ आली असेल, तरच घरट्याची डहाळी कापावी.

याच्या उलट, पानें वाळून तपकिरी झालेलीं, जाळ्यानें गुंतलेलीं व आंत लेंड्या भरलेल्या असतील, तर तें काम पानें गुंडाळणाऱ्या अळीचें होय. तिच्यापासून झाडास अपाय होतो. असे झुबके कापून खालीं घ्यावे व नष्ट करावे.

मेणाचीं पोळीं : उंच फांदीखालीं उघडें लोंबणारें एकच मोठें पोळें आग्या माशीचें. बारीक डहाळीस वेढून बसलेलें, तळहाताएवढें पोळें फुलोरी माशीचें. ढोलीच्या अंधारांत एकाशेजारीं एक अशीं अनेक पोळीं असलीं तर ती सातेरी. पिकांच्या फलधारणेस तिन्ही उपयोगी आहेत. आग्या माशी मात्र चवताळली म्हणजे थव्यानें पाठलाग करते. तिच्या पोळ्याखालीं धूर किंवा आवाज करूं नये, गुरें बांधूं नयेत. ती ऋतुमानाप्रमाणें स्थलांतर करणारी असल्यानें पुष्कळदां पोळें आपण होऊनच सोडून जाते. घराशेजारीं पोळें असून हलविणें भाग पडलें, तर तें जाणत्या माणसाकडूनच करवावें. अनेक डंख झाल्यास रोग्यास विलंब न लावतां दवाखान्यांत न्यावें.

कागदासारखीं घरटीं : करड्या रंगाचें, देंठानें लटकलेलें व खालून उघडीं घरें दिसणारें घरटें लहान गांधील माशीचें. ती अळ्या पकडून आपल्या पिलांस चारते. वाटेवर नसेल तर राहूं द्यावें. सर्व बाजूंनीं वेष्टण व एकच दार असलेला मोठा गोळा थोरल्या गांधील माशीचा. त्यापासून दूर राहावें. शेणाच्या गोळ्यासारखा, कौलांप्रमाणें थरांवर थर असलेला गोळा दिसला तर तो काळसर मुंग्यांचा असतो. डिवचल्यास त्या पोट पाठीवर उचलून धरतात, ही त्यांची खूण.

मातीचीं घरें : डहाळीवरील चिमुकलें मडकें कुंभारणीचें. आंत ती आपल्या पिलासाठीं अळ्या सांठविते. तिला त्रास देऊं नये. खोडावर पसरलेला मातीचा लेप मात्र वाळवीचा. तें तिचें घर नसून झांकलेला रस्ता असतो. लेप खरडून काढावा व तिचें मूळ घर बहुधा जमिनींत असल्यानें बुंध्याभोंवतीं शोध घ्यावा.

सारांश, वरील घरट्यांपैकीं झाडाच्या दृष्टीनें निश्चित अपायकारक अशीं दोनच : अळीचे वाळके झुबके आणि वाळवीचा लेप. ह्या दोहोंसही पलित्याची गरज नाहीं. कोयता आणि खरडणी पुरे होतात. बाकीच्यांविषयीं निर्णय करण्यापूर्वीं सकाळच्या उजेडांत चार घटका दुरून निरीक्षण करावें, आणि घरांतील मुलांसही ही ओळख करून द्यावी. कारण दगड बहुधा तींच मारतात.