अड्याळ : पाळीवर लिहिलेला इतिहास

अड्याळ म्हटलं की बरेच जण आधी टेकडीबद्दल विचारतात. तुकारामदादा गीताचार्यांची, ग्रामगीतेच्या विचारावर उभी राहिलेली अड्याळ टेकडी चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात आहे. आज आपण बोलणार आहोत ते भंडारा जिल्ह्यातल्या, पवनी तालुक्यातल्या अड्याळविषयी. भंडाऱ्याहून पवनीला जाताना ते वाटेत लागतं.

या गावाची ओळख हनुमानाच्या देवळाची. आणखी एक ओळख होती, मतदारसंघाची. 2004 च्या निवडणुकीपर्यंत अड्याळच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. इंग्रजी यादीत त्याचं ‘अड्यार’ झालेलं दिसतं. 2008 च्या फेररचनेत तो गेला आणि गाव भंडारा मतदारसंघात आलं. एखादं नाव कागदावरून असंच उतरतं, कुणाच्या फारसं लक्षातही येत नाही.

वारसा म्हटला की या भागात सगळे पवनीकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली सुमारे 38 मीटर व्यासाचा बौद्ध स्तूप निघाला. भार राजा भगदत्त याचा शिलालेखही पवनीचाच. मग शेजारच्या अड्याळकडे काय आहे? किल्ला नाही, स्तूप नाही. आमचं म्हणणं असं की या धानपट्ट्यातल्या गावांचा वारसा उभा नसतो, आडवा असतो. तो म्हणजे तलावाची पाळ.

धानाचं गणित बघा. पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, पण धान निसवतो तेव्हा पावसाने पाठ फिरवली की दाणा भरत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी पाणी साठवायचं, म्हणून हे तलाव. गोंड राजवटीपासून ते बांधले गेले. या कामात कोहळी समाजाचं नाव सगळ्यात पुढे; नवेगावबांधचा मोठा तलाव त्यांचाच. तलावाचं पाणी शेताकडे सोडायच्या दाराला ‘तुडुम’, जादा पाणी वाहून जायच्या सांडव्याला ‘सलंग’, आणि एखाद्याच्या शेतापुरतं लहान तळं म्हणजे ‘बोडी’. झाडीबोलीतले हे शब्द म्हणजे चालता-बोलता अभियांत्रिकीचा कोशच.

इंग्रजी अमलात, 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात, मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. तलावही त्यांच्याकडे. आता मालगुजारी फार गोड होती असं कुणी समजू नये. वेठ होती, जाच होता. पण पाळ फुटली तर मालगुजाराचंच धान बुडायचं, त्यामुळे दुरुस्ती टळत नसे. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने कायदा करून 1951 मध्ये मालगुजारी संपवली. न्यायाचं पाऊल होतं ते. फक्त तलाव सरकारजमा झाले आणि ‘आपला तलाव’ म्हणणारं माणूस राहिलं नाही. कागदावर ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, त्याचं लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकलं. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव मोजले जातात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ साचतो, कडेने अतिक्रमण होतं, आणि ढिवर बांधवांची मासोळी कमी होते.

याच तालुक्यात गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये झालं. त्याच्यावर पुष्कळ बोललं जातं, तलावांवर फार थोडं. गाळ काढायच्या योजना येतात, पण नुसतं यंत्र घालून तळ खरवडला तर देवधान आणि पाणवनस्पतीही जातात, मग मासे अंडी कुठे घालणार?

अड्याळकडची जी मंडळी ऐकत आहेत त्यांना एक काम सांगतो. जुन्या बंदोबस्तात प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिला जाई. गावाच्या वहिवाटी त्यात नोंदवलेल्या असत. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात तो मागून बघा. आणि घरच्या आजोबांना विचारा, तुडुम कोण उघडायचं, पहिलं पाणी कुणाच्या बांधीला जायचं. ते लिहून ठेवा, तारखेसकट.