रेणूंच्या टकरी (लेखांक ६) : कोन आणि ऊर्जा

मागच्या लेखात आपण एकमेकांना छेदणाऱ्या रेणुझोतांचे यंत्र पाहिले. निर्वात कक्षात दोन झोत एका बिंदूपाशी येतात, तिथे टक्कर होते आणि तयार झालेले नवे रेणू कोणत्या दिशेने किती उडाले हे शोधक मोजतो. या कामासाठी डडली हर्शबाख, युआन ली आणि जॉन पोलान्यी यांना १९८६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पोलान्यींची वाट वेगळी होती, त्यांनी नव्या रेणूंतून निघणारा अवरक्त प्रकाश वाचला. आज प्रश्न असा : टकरीची ऊर्जा बदलत नेली, तर नवे रेणू उडण्याचे हे कोन कसे बदलतात?

आधी कोनाचा अर्थ लावू. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीवर समोरून आदळला, तर एक मार्ग. नुसता कड घासून गेला, तर दुसरा. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनच्या रेणूवर समोरासमोर आदळला, तर त्यातला एक हायड्रोजन घेऊन तो आल्या वाटेने मागे फिरतो. बाजूने जाता जाता हायड्रोजन उचलला, तर तसाच पुढे निघून जातो. म्हणजे मागे उडालेला हायड्रोजन फ्लोराइड थेट टकरीची साक्ष देतो, पुढे उडालेला बहुधा बाजूच्या टकरीची. पण पुढे उडण्याचे आणखी एक कारण संभवते. तिन्ही अणू क्षणभर एकत्र अडकले, एकत्र फिरले आणि मग सुटले, तरीही रेणू पुढच्या दिशेला बाहेर पडू शकतो. खरी अडचण इथेच आहे. एकाच किंवा मोजक्याच ऊर्जांना केलेले मोजमाप या दोन कारणांत निवाडा करू शकत नाही.

फ्लोरिन आणि हायड्रोजनच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९८५ मध्ये बर्कलीत ली यांच्या गटाने ०.७ ते ३.४ किलोकॅलरी प्रति मोल या पट्ट्यातल्या काही ऊर्जांना ही अभिक्रिया मोजली. तिसऱ्या कंपनपातळीतला हायड्रोजन फ्लोराइड ठळकपणे पुढच्या दिशेला सापडला. तिन्ही अणू क्षणभर अडकून राहतात, म्हणजे इथे संस्पंदन आहे, असा अर्थ त्यांनी लावला. अकरा वर्षांनी अधिक अचूक ऊर्जापृष्ठावर, म्हणजे अणूंच्या मांडणीनुसार ऊर्जा कशी बदलते याच्या नकाशावर, केलेल्या पुंजगणिताने पुढचे शिखर तर दाखवले, पण त्यासाठी संस्पंदनाची गरज नसल्याचे सांगितले. मोजमाप खरे होते, वाद अर्थाचा होता.

तो मिटवायला ऊर्जा बारीक पायऱ्यांनी बदलणे भाग होते. त्याची युक्ती मला फार आवडते. झोतांचा वेग तोच ठेवायचा, फक्त ते किती अंशांत छेदतात ते बदलायचे. कोन लहान केला की दोन्ही झोत जवळजवळ एकाच दिशेने धावतात, त्यांचा परस्परसापेक्ष वेग घटतो आणि टक्कर मऊ होते. कोन वाढवला की ती कडक होते. तैवानमध्ये कोपिन लिऊ यांच्या प्रयोगशाळेत झोतांचे उगम असे फिरवता येत. तिथे हायड्रोजनऐवजी एचडी, म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ड्यूटेरियम असलेला रेणू घेतला आणि २००० साली निकाल आला. सुमारे अर्ध्या किलोकॅलरीपाशी, अभिक्रियेच्या ऊर्जा-अडथळ्याच्या उंचीच्याही खाली, हायड्रोजन फ्लोराइडचे उत्पादन उसळले आणि कोनांचा नकाशा त्याच जागी बदलला. ड्यूटेरियम फ्लोराइड देणाऱ्या शाखेत तशी उसळी नव्हती.

थेट अभिक्रिया आणि संस्पंदन यांतला फरक ऊर्जेबरोबर कोन कसे बदलतात यात आहे. साध्या थेट अभिक्रियेत ऊर्जा वाढली की जास्त बाजूच्या टकरीही यशस्वी होऊ लागतात, म्हणून कोन मागून बाजूकडे हळूहळू सरकतो. संस्पंदन असेल, तर ठरावीक ऊर्जेला कोन अचानक बदलतात आणि ती ऊर्जा ओलांडली की पुन्हा वळण घेतात. २००६ मध्ये चीनमधील दालियान येथे शुएमिंग यांग यांच्या गटाने साध्या हायड्रोजनवरही हे दाखवले : ०.५२ किलोकॅलरीला दुसऱ्या कंपनपातळीतले रेणू ठळकपणे पुढे आले. कारण असे, की तिसऱ्या पातळीचा रेणू सुटा होण्याइतकी ऊर्जा तिथे नसते, तरी तो सुटणाऱ्या हायड्रोजनसह एका उथळ खळग्यात क्षणभर अडकतो. मग दुसऱ्या पातळीवर उतरूनच सुटका होते.

या मोजमापात रेणू न शोधता सुटलेला हायड्रोजन अणू शोधतात. लेसरने त्याला अतिउत्तेजित अवस्थेत नेऊन शोधकापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ मोजला, की ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून रेणूची कंपनपातळी कळते. याच पद्धतीने २०१० मध्ये दालियानच्या गटाने एचडीची पाठीमागची दिशा धरून ऊर्जा अगदी थोडी थोडी वाढवली. संकेत सलग चढला नाही, त्याला तीन टेकाडे आली. एकूण कोनीय संवेगाच्या १२, १३ आणि १४ या पुंजसंख्यांची ही एकेकटी संस्पंदने होती. बाजूने किंवा समोरून ही आपली ढोबळ भाषा तिथे संपते आणि कोनीय संवेगाचा एकेक पुंज वेगळा दिसू लागतो. रासायनिक अभिक्रियेच्या अभ्यासात मला याहून सुंदर मोजमाप माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात फ्लोरिनच्या जागी क्लोरिन घेऊ आणि हायड्रोजनच्या जागी मिथेन. अणूंची संख्या वाढली की कोनांची ही भाषा कितपत टिकते, ते तेव्हा पाहू.