फाइव्ह ऑफ वाँड्स

फाइव्ह ऑफ वाँड्स, म्हणजेच दंडांची पंजी, हा टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी एक पत्ता आहे. ‘मायनर अर्काना’ या ५६ पत्त्यांच्या विभागातील दंड या रंगात त्याचा समावेश होतो. आजच्या टॅरोवाचनात तो संघर्ष, चढाओढ व मतभेद यांचे प्रतीक मानला जातो. मात्र त्याला हा अर्थ सुरुवातीपासून नव्हता.

पार्श्वभूमी

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाले. भविष्यकथनासाठी त्यांचा प्रसार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये झाला. जुन्या मार्सेय पद्धतीच्या संचात या पत्त्यावर एकमेकांना छेदणारे पाच दंड एवढेच दिसतात. माणसे नाहीत, त्यामुळे भांडणही नाही. ‘एतेइला’ या टोपणनावाने लिहिणारे फ्रेंच भविष्यवेत्ते झाँ-बातीस्त आलिएत (१७३८–१७९१) यांच्या पद्धतीत त्याचा अर्थ चक्क ‘सोने’ असा होता आणि पत्ता उलटा आल्यास कोर्टकज्जा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाने त्याची सांगड सिंह राशीच्या पहिल्या द्रेष्काणातील शनीशी घातली व त्याला ‘कलहाचा स्वामी’ असे नाव दिले.

चित्र

आज परिचित असलेले चित्र १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी प्रकाशित केलेल्या संचातील आहे. आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून ते पामेला कोलमन स्मिथ यांनी काढले. दोघेही गोल्डन डॉनचे सदस्य होते. निरनिराळ्या रंगांचे अंगरखे घातलेले पाच तरुण हातातले लांब दंड उगारून एकमेकांसमोर आले आहेत. दंड एकमेकांत अडकतात, पण कोणी जखमी नाही, कोणी खाली पडलेला नाही. पाचांत दोन तट पडल्याचेही दिसत नाही. जो तो आपापल्या बाजूने झुंजत आहे.

अन्वयार्थ

वेट यांनी या दृश्याला लुटुपुटूची लढाई म्हटले आहे, पण त्याच पत्त्यात संपत्ती व भाग्य मिळवण्यासाठी चाललेली चुरसही पाहिली आहे. ‘सोने’ हा जुना अर्थ या वाटेने नव्या चित्राशी जोडला गेला, असे म्हणता येते. उलट्या पत्त्याचा अर्थ त्यांनी खटले, वाद, फसवणूक असा दिला. म्हणजे खरी कटुता तेथेच आहे. अनेक लोकप्रिय पुस्तके हा भेद पुसून टाकतात आणि सरळ पत्त्यालाही केवळ अशुभ ठरवतात, हे चित्राशी विसंगत आहे.

तलवारींच्या पंजीशी तुलना केल्यास फरक लगेच लक्षात येतो. तेथे झुंज संपलेली आहे. एक जण तलवारी गोळा करून तुच्छतेने पाहतो आणि हरलेले दोघे पाठ फिरवून निघाले आहेत. दंडांच्या पंजीत निकाल लागलेला नाही. तो पुढच्याच पत्त्यावर, दंडांच्या छक्कीत दिसतो असे काही वाचक मानतात, कारण त्यावर विजयमाला मिरवणारा घोडेस्वार आहे.

टॅरोवरून भविष्य कळते याला वैज्ञानिक आधार नाही. अनेक वाचक या पत्त्याकडे भाकीत म्हणून न पाहता, चालू असलेला वाद स्पर्धेचा आहे की वैराचा, हे प्रश्नकर्त्याला तपासायला लावणारे निमित्त म्हणून पाहतात.