जरीचा धागा आणि बधिर पाऊल

चंदेरी साडी मराठी घरांना नवी नाही. झाशीकरांना तर चंदेरी गाव जवळचेच. ललितपूर स्टेशनवर उतरले की पुढे मोटारीचा रस्ता. पण त्या साडीच्या काठाला वीज कळते, हे किती जणींना ठाऊक असेल?

खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. म्हणजे ती विजेची तारच झाली! (प्लॅस्टिकच्या जरीत ही गंमत नाही.) अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतल्या रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ साली वीजवाहक कापडावर निबंध लिहिला. त्यात भारतात विणल्या जाणाऱ्या धातुवेष्टित रेशमी ऑर्गन्झाचा उल्लेख होता. भरतकामाच्या बटणांवर बोट ठेवताच वाजणारे जाकीटही त्या संस्थेत तयार झाले.

आता यासाठी चांदीचा थर दिलेले नायलॉन किंवा पोलादी तंतू मिसळलेले सूत वापरतात. विणलेले कापड दाबले की धागे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि विजेला वाट सोपी होते. वीज किती सहज गेली, यावरून भार किती पडला ते समजते. कल्पना एवढीच.

गाणारे जाकीट नसले म्हणून कोणाचे अडत नाही. मोज्याची गोष्ट मात्र वेगळी. मधुमेह जुना झाला की अनेकांचे तळवे बधिर होतात. झाशीचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना भाजले तरी अशा पायाला पत्ता लागत नाही. त्याहून फसवा असतो तो एकाच जागी रोज पडणारा दाब. निरोगी माणूस टोचू लागताच पाऊल तिरके टाकतो. बधिर पाय तसाच चालत राहतो, जखम चिघळते आणि कधी पाय कापण्याची पाळी येते.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे बारकाईने पाहिले होते. पुढे अमेरिकेत त्यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या भरलेला मोजा वापरला. जास्त दाब पडेल तिथे कुप्या फुटत आणि डाग दिसे. वीजवाहक सुताचा मोजा तेच काम चालता चालता करू शकतो.

अडचणी आहेतच. घामाने मोजमाप बिघडते, धुऊन धुऊन चांदीचा थर झिजतो, सूतही सैल पडते. किंमत तर विचारूच नका!

तोवर घरच्या मधुमेही माणसाचे तळवे रोज रात्री उजेडात पाहा. बोटांच्या बेचक्या विसरू नका. चप्पल-बूट घालण्यापूर्वी झटकून घ्यावेत. स्वतःचा तळवा दिसत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवावा. आजोबांची नजर अधू असेल, तर हे काम नातवाकडे द्यावे.