तापणारा डायनॅमो

१९२८ ते १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए गाडीत व्होल्टेज रेग्युलेटर नसतो. बॅटरीला किती करंट जायचा ते डायनॅमोतला तिसरा ब्रश ठरवतो आणि तो हाताने सरकवायचा असतो. थोडं गरम होणं त्याच्या स्वभावातच आहे. पण कुणीतरी ब्रश फार पुढे सरकवून ठेवलेला असला, दिवसा दिवेही बंद असले, की लांबच्या पल्ल्यात डायनॅमो हात लावू देत नाही. अँमीटरच्या काट्यावर नजर ठेवत ब्रश जरा मागे घ्यावा.

इंजिन बंद असतानाही तापतोय?

मग पहिला संशय कटआउटवर, म्हणजे डायनॅमो थांबला की त्याची बॅटरीशी जोडणी तोडणाऱ्या स्विचवर. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत शिरतो, काटा डिसचार्जकडे झुकतो, जळकट वास सुटतो. आधी बॅटरीची केबल काढावी, चिकित्सा नंतर. मात्र बॅटरी काढून इंजिन चालवण्याचा उद्योग करू नये: व्होल्टेज बेफाम चढतं आणि वाइंडिंग जळतं.