खिशातल्या खिशात बॅटरी कोण खातं?

वाशिमच्या स्टँडवर एसटीत बसलो तेव्हा बॅटरी पुरी भरलेली. मंगरुळपीर, मानोरा करत पोहरादेवीला उतरेपर्यंत ती अर्ध्यावर, आणि शर्टाच्या खिशातला फोन कोमट. ना व्हिडिओ पाहिला, ना कुणाशी बोललो. मग चार्जिंग खाल्लं कुणी?

वावरात दोघं शेजारी असले की हळू बोलून भागतं. एक जण पार धुऱ्यावर गेला की ओरडावं लागतं. फोनचंही तसंच. टॉवर जवळ असला की तो कुजबुजतो, गाव मागे पडलं की आवाज चढवतो. आणि आपण हात लावला नाही तरी व्हॉट्सॲप, ईमेल मागे चाललेलंच असतं.

त्यात भर ५जीची. भारतात ते सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्याच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी ४जीच्या नेहमीच्या लहरींइतक्या लांब जात नाहीत, भिंतीतही लवकर अडतात. शिवाय एका पद्धतीत फोन ४जीचा हात न सोडता ५जीशी बोलतो, म्हणजे दोन रेडिओ एकदम चालू. रस्त्यात ५जी मिळालं, सुटलं, पुन्हा मिळालं, की दरवेळी नवी शोधाशोध.

तरी ५जीला सरसकट बॅटरीखाऊ म्हणणं मला पटत नाही. सिग्नल भक्कम असला तर मोठी फाइल झटक्यात उतरते आणि रेडिओ लवकर झोपतो. महाग पडतो तो अर्धवट सिग्नल.

तेव्हा प्रवासात सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर ठेवा. रेंजच नसलेल्या पट्ट्यात सरळ फ्लाइट मोड लावा. उतरल्यावर तो काढा मात्र, घरचे फोन लावत बसतील.